वीस सेकंदांत न बसलेलं वाक्य

सतरा ऑक्टोबर दोन हजार तेवीस, मंगळवार. रक्कम रुपये पंधराशे, रोख. हजर चौघे: आमचे मालक, रेकॉर्डिंग करणाऱ्या स्वाती मॅडम, मी आणि मल्लय्या मामा. जागा दुकानाची काचेची केबिन. व्हाउचरवर मी लिहिलं, 'दुकानातील पडद्यांसाठी आवाज दिल्याबद्दल.' मामांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि खाली तेलुगूत सही केली. पैसे न मोजता वरच्या खिशात ठेवले. मी मोजायला सांगितलं तर म्हणाले, "तुमी मोजलंय की सर."

हे वाक्य मला अजून टोचतं, म्हणून सुरुवातीलाच लिहून टाकलं.

आमचं दुकान सोलापुरात नवी पेठेत आहे. चादरी, टॉवेल, बेडशीट. मी तिथे एकोणीस वर्षं हिशेब बघतो. मल्लूमामा माझ्याही दोन वर्षं आधीपासून दारावर होते. त्यांच्या कामाला नाव नव्हतं. पगारपत्रकात मी 'सेल्समन' लिहायचो, पण ते काही विकत नसत. ते दाराच्या आत डाव्या हाताला उभे राहत आणि आलेल्या माणसाला आत घेत. बस, एवढंच. पांढरा शर्ट, करडी पँट, खिशात खडीसाखरेची पुडी. गिऱ्हाइकाच्या पिशवीला कधी हात लावायचा नाही, आणि गिऱ्हाइकाच्या पुढे चालायचं नाही, हे त्यांचे दोन नियम होते. तिसरा नियम बोलण्याचा.

"एक विचारायचं आन थांबायचं," ते नव्या सेल्समनला सांगत. "गिऱ्हाईक बोलतंय की. त्याला जागा द्या."

त्याप्रमाणे ते विचारत, "या बाई, बसा. घरात वापरायला का कुणाला द्यायला?" आणि थांबत. ते थांबणं चांगलं लांब असे. नवख्या माणसाला वाटावं, म्हातारा पुढचं विसरला. पण बाई त्या थांब्यात पाण्याचा घोट घेई, पदर सावरी आणि मग सांगायला लागे: नणंदेच्या मुलीचं लग्न आहे, मुलगा पोलिसात आहे, दोन चादरी आणि एक सोलापुरी टॉवेलचा जोड हवा, पण मागच्या वेळेसारखा पातळ नको. मामा सगळं तिच्या तोंडाकडे बघत ऐकत. मग एक चादर डाव्या हातावर आडवी टाकून, तळहाताने खालून उचलून, तिचं वजन सांगत. मी दोनदा काट्यावर टाकून बघितलं आहे. एकदा वीस ग्रॅमचा फरक आला, एकदा शून्य.

भाषा त्यांना चार येत. घरात तेलुगू, गल्लीत दखनी, बाजारात मराठी, आणि अक्कलकोटकडच्या लोकांशी कानडी. माणूस दारात आला की कोणती भाषा काढायची ते त्यांना आधीच कळलेलं असे. दुकानाला काचेचं दार बसवल्यानंतरची गोष्ट सांगतो. दोन बाया बाहेर उभ्या राहून आत बघत होत्या, आपसात बोलत होत्या. दार बंद, एसी चालू, आत काही ऐकू येत नव्हतं. मामांनी दार उघडलं आणि कानडीत काहीतरी म्हणाले. त्या दोघी आधी दचकल्या, मग तोंडाला पदर लावून हसत आत आल्या आणि साडेचार हजारांची खरेदी करून गेल्या. मी मामांना विचारलं, काय म्हणालात?

"ती म्हणत होती, हितं नको, काच लावलीय म्हंजे महाग असणार. मी म्हणालो, बाई, काचेचे पैसे मालकानं भरलेत, तुमी फक्त चादरीचे द्या."

"पण तुम्हाला ऐकू कसं आलं?"

"न्हाई आलं," एवढं म्हणून ते हसले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

कॅशवर बसणाऱ्या शोभाताई म्हणायच्या की मामांना सिद्धी आहे. मी सिद्धी वगैरे मानत नाही, पण शोधही घेतला नाही. उत्तर मला त्या सतरा तारखेला सकाळी मिळालं.

झालं होतं असं. मालकांचे चिरंजीव हैदराबादला एका मोठ्या दुकानात जाऊन आले होते. तिथे प्रत्येक विभागात टीव्हीसारखे पडदे होते, पडद्यावर मालाची चित्रं फिरत होती आणि वरच्या स्पीकरमधून आवाज येत होता. नुसतं चित्र लोक बघत नाहीत, आवाज आला की मान वर करतात, असं त्यांनी तिथे पाहिलं होतं. आमच्याकडे सहा पडदे आणि स्पीकर लावायचं ठरलं. खर्च दोन लाख शहाऐंशी हजार. आवाज कुणाचा, यावर मीच सुचवलं: बाहेरून कशाला विकत घ्यायचा, आपल्या मामांचा घेऊ. लोकांना ओळखीचा आहे. तीन भाषांत होईल. मामांना मी सांगितलं, "तुम्ही जेवायला बसलात की तुमच्या जागी हे बोलेल." ते खूश झाले.

मी त्यांना खोटं सांगितलं नाही. अर्धं सांगितलं. कारण मालकांनी मला आणखी एक आकडा काढायला लावला होता आणि तो मी काढला होता. मामांचा पगार तेरा हजार. दोन लाख शहाऐंशी हजार भागिले तेरा हजार, बरोबर बावीस. बावीस महिन्यांत पडद्यांचा खर्च निघतो, जर दारावर माणूस ठेवला नाही तर. तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता आणि मी मामांना रिक्षातून जुळे सोलापूरला रेकॉर्डिंगसाठी घेऊन चाललो होतो.

स्वाती मॅडमनी घरातली एक खोली रेकॉर्डिंगची केली आहे. आतल्या भागात माइक, मध्ये जाड काच, काचेच्या अलीकडे त्या. त्यांनी मामांच्या कानावर हेडफोन चढवला आणि त्यातून सूचना द्यायला लागल्या. मामा नुसते बघत राहिले. आवाज वाढवला, तरी तेच. शेवटी त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि काचेतून म्हणाले, "मॅडम, हे नको. तुमी तितनंच बोला, माझ्याकडं तोंड करून."

मॅडम काचेआडून नुसते ओठ हलवत बोलल्या. मामांनी शब्द न् शब्द पाळला.

परतताना त्यांनी मला सांगितलं. बावीस वर्षं ते मागावर होते. एका शेडमध्ये चाळीस यंत्रमाग, दोन पाळ्या. "तितं कान गेलं. पण मागावर कोण ऐकून बोलतंय, सर? तोंड बघून बोलतेत सगळी. धागा तुटला, डबा आला, मालक आला, सगळं तोंडावर." दुकानात हे कुणाला सांगू नका, असंही म्हणाले. बहिरा माणूस दारावर कोण ठेवेल?

म्हणजे ते थांबणं ही नुसती अदब नव्हती. समोरच्याचं उत्तर दिसेपर्यंत त्यांना थांबावंच लागत होतं. पण त्यामुळे अदब खोटी होती असंही मला वाटत नाही.

रेकॉर्डिंगच्या वेळी एकच गोष्ट अडली. मालकांनी लिहून दिलेल्या मजकुरात होतं, 'रंग पक्का, हमी आमची.' मामा ते म्हणेनात. गडद रंगाची चादर असेल तर जादाचा रंग पहिल्या पाण्यात निघतो, पुढे जात नाही. हे ते प्रत्येकाला सांगत, न विचारता सांगत. एकवीस वर्षांत रंग गेल्याची तक्रार आमच्याकडे क्वचित आली, त्याचं कारण माल नव्हे, ते सांगणं. शेवटी तडजोड झाली. ते म्हणाले, "रंग पक्का हाय. पहिलं धुणं मात्र वेगळं करा, मिठाच्या पाण्यात, थोडा रंग जातोय." मग माइकसमोरून उठून बाहेर आले आणि मला म्हणाले, "सर, ही दोन वाक्यं एकाला एक बांधलेली हायत. मागचं सोडलं तर पुढचं म्हणू नका."

मी हो म्हणालो. नीट तोंड समोर करून हो म्हणालो, त्यांना दिसेल असं.

दोन दिवसांनी स्वाती मॅडमचा फोन आला. चादरींच्या पडद्यावरची फिल्म वीस सेकंदांची आहे, मामांचं बोलणं त्रेचाळीस सेकंदांचं. फिल्म वाढवायची तर वेगळे पैसे. मी पेन घेऊन बसलो. त्रेचाळीसपैकी सतरा सेकंद मामा नुसते थांबले होते. माइकला विचारून, उत्तराची वाट बघत. ते सतरा काढायला सांगितले. राहिले सव्वीस. सहा अजून जास्त. मॅडमनी एकेका वाक्याची लांबी सांगितली. मिठाच्या पाण्याचं वाक्य बरोबर सहा सेकंदांचं होतं.

मी म्हणालो, ते काढा. तिन्ही भाषांतलं.

त्यांनी विचारलं, मामांना सांगायचं का? मी म्हणालो, मी सांगतो. सांगितलं नाही. दसऱ्याची गर्दी होती, मग कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची, मग दिवाळीची. ही कारणं खरी आहेत. पण त्याच दिवसांत मी साडेनऊशे बिलं तपासली, त्यात एक मिनिट निघालं नसतं असं नाही.

पडदे सुरू झाले. तीन मिनिटांचा फेरा, तासाला वीस वेळा, दहा तासांत दोनशे. शोभाताई आठवड्यात वैतागल्या. मामांना म्हणाल्या, "मामा, जरा गप बसा की. सकाळधरनं दोनशे वेळा तेच सांगताय."

मामा म्हणाले, "मी कवाचा गप हाय ताई, तो वरचा ऐकत न्हाई."

त्यांना त्या आवाजाचं कौतुक होतं. कुणी ओळखीचं आलं की बोट वर करत, "मी बोलतोय बघा." एकदा बायकोला घेऊन आले, तिला चादरींच्या पडद्याखाली उभं केलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिने ऐकून मान डोलावली. तेव्हा त्यांचा चेहरा जसा झाला, तसा मी पगारवाढीच्या दिवशीही पाहिला नव्हता. मला बरं वाटलं. मला कळायला हवं होतं की ते स्वतः काहीच ऐकू शकत नाहीत. स्पीकर छतात होता. छताला तोंड नसतं. आपला सूर त्यांना ओळखू येत असेल, शब्द नाही. चार महिने ते स्वतःच्या आवाजाखाली उभे होते आणि तो काय म्हणतो हे दुकानात फक्त त्यांनाच माहीत नव्हतं.

फेब्रुवारीअखेर त्यांना कमी केलं. निर्णय मालकांचा, कागद माझा. मी बावीसचा आकडा मामांसमोर ठेवला. नियमाने निघणारी सगळी रक्कम त्याच दिवशी दिली, एक रुपयाही मागे ठेवला नाही. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हिशेब बरोबर हाय न्हवं?" मी म्हणालो, बरोबर आहे. "मग झालं," म्हणाले, आणि खडीसाखरेची पुडी शोभाताईंच्या गल्ल्यावर ठेवून गेले. पुढे कळलं की एस.टी. स्टँडजवळ पुतण्याची टॉवेलची हातगाडी आहे, तिथे बसतात.

दहा जून, सोमवार, दुपारी बाराच्या सुमारास ते दुकानात आले. गिऱ्हाईक कमी होतं. केबिनमधून मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. ते चादरींच्या स्पीकरखाली उभे होते, एक हात कानामागे, मान वर. फेरा आला, गेला. ते हलले नाहीत. दुसरा आला. तिसरा आला. नऊ मिनिटं ते तसे उभे होते आणि मी जागचा उठलो नाही. मग ते केबिनकडे आले, आत येऊन माझ्यासमोर बसले आणि खुर्ची थोडी सरकवून माझं तोंड नीट दिसेल असे झाले.

"सर, वर मी काय बोलतोय ते मला जरा सांगा."

मी सांगितलं. या बाई बसा, घरात वापरायला का कुणाला द्यायला, सुती माल आहे, वजन बघा, रंग पक्का हाय. ते माझ्या ओठांवरून नजर हलवत नव्हते.

"आन पुढचं?"

"पुढचं नाही, मामा."

मग त्यांनी सांगितलं. आदल्या आठवड्यात मंगळवेढ्याच्या एक बाई स्टँडवर गाडीपाशी आल्या. मामा नेहमीप्रमाणे म्हणाले, या बाई, बसा. बाई जागच्या थांबल्या. हाच तो आवाज, म्हणाल्या. त्यांनी एप्रिलमध्ये आमच्याकडून दोन मरून चादरी नेल्या होत्या. घरी धुतल्या त्या बाकीच्या कपड्यांबरोबर, आणि सासऱ्यांची नवी धोतरजोडी गुलाबी होऊन निघाली. 'तुमीच सांगितलं की रंग पक्का हाय,' बाई चारचौघांत म्हणाल्या. मामा म्हणाले, मी असं अर्धं कधी सांगत न्हाई. बाई म्हणाल्या, मी माझ्या कानानं ऐकलंय, एकदा न्हवं, धा वेळा. हातगाडीवरची गिऱ्हाइकं बघत होती. मामांनी धोतरजोडीची किंमत विचारली आणि साडेसहाशे रुपये काढून दिले.

मी लगेच म्हणालो की ते पैसे दुकान देईल, आत्ताच व्हाउचर करतो.

"न्हाई. ते माझं आन त्या बाईचं झालं." मग म्हणाले, "मशीनचं काम हाय सर. मशीनला काय कळतंय कुटं तोडावं. तुमी असताय तिथं असं व्हायचं न्हाई."

इथे मी बोलायला हवं होतं. समोर बसलेला माणूस माझ्या तोंडाकडेच बघत होता. मी तोंड उघडलं असतं तरी पुरे होतं. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायलो.

त्यांनी खिशातून नोटा काढल्या. पाचशेच्या तीन. "हे घ्या. आवाज काढा."

मी म्हणालो, मामा, पैसे राहू द्या, आवाज मी आजच बंद करतो.

"पैसे न घेता बंद कराल तर उद्या कोणतरी चालू करंल. म्हंतील, घेतलाय त्याच्याकडनं, सही हाय. पैसे घ्या आन पावती द्या. मग माझं मला परत."

व्यवहार म्हणून ते बरोबर होतं. मालकांना फोन लावला. ते म्हणाले, द्या पावती, तक्रारी वाढायच्या आत मिटवा. मी पावती लिहिली. मामांनी यावेळीही ती माझ्याकडून वाचून घेतली, घडी करून ठेवली आणि बाहेर गेले. शोभाताईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मी केबिनचं दार लावून घेतलं आणि स्वाती मॅडमना फोन केला. दार बंद होतं म्हणून निर्धास्त बोललो. म्हणालो, मामांचा आवाज सगळीकडून काढून टाका. त्या म्हणाल्या, काय झालं? मी म्हणालो, ते मिठाच्या पाण्याचं वाक्य. मीच काढायला सांगितलं होतं ना, त्यावरून झालं. मामांना मशीनचं वाटतंय. तुम्हाला कधी भेटले तर माझं नाव सांगू नका.

फोन ठेवून मान वर केली. केबिन काचेची आहे हे मला एकोणीस वर्षांत कुणी सांगायची गरज नव्हती. मामा दहा-बारा फुटांवर खुर्चीत बसले होते, हातात पाण्याचा ग्लास, तोंड माझ्याकडे. ग्लास ओठांपर्यंत नेऊन तसाच धरलेला.

त्यांनी ग्लास खाली ठेवला. उठले. काचेतून माझ्याकडे बघत काहीतरी म्हणाले. सावकाश म्हणाले, एखाद्या नव्या माणसाला समजावं असं, आणि म्हणून थांबले. नेहमीसारखे, चांगले लांब थांबले. मला ओठ वाचता येत नाहीत. शोभाताई कुणाचं तरी बिल करत होत्या, त्यांनी ऐकलं नाही. मी उठून दार उघडेपर्यंत ते काचेच्या मोठ्या दारातून रस्त्यावर गेले होते, आणि मी केबिनच्या दारातच उभा राहिलो.

मी पंधरा दिवसांनी स्टँडजवळ गेलो. पुतण्या म्हणाला, काका-काकू भिवंडीला, मुलीकडे. नंबर दिला. पण फोनवर त्यांच्याशी बोलायचं कसं? त्यांना माझं तोंड दिसायला हवं. भिवंडीला अजून गेलेलो नाही.

आमच्याकडे पडदे अजून आहेत. आवाज नाही. चित्रं फिरतात, लोक बघून पुढे जातात.

पावतीची दुय्यम प्रत माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, बावीसचा आकडा काढलेल्या कागदावरच. दिनांक दहा जून दोन हजार चोवीस. रुपये पंधराशे फक्त, आवाज परत घेतल्याबद्दल. देणार, मल्लय्या. मिळाले, आम्हाला.